मुलीला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे, पण हंगामात ती राहील कुठे?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातो. थोरली मुलगी यंदा 61 टक्के मिळवून दहावी झाली. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड हवा आहे. भावकी म्हणते, हे मुलांचे काम. काय करावे?
– एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : दादा, आपल्या मुलीची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात वायरिंग, मोटार, कंट्रोल पॅनेल आणि त्यांची दुरुस्ती शिकवतात. यातले बहुतेक काम ताकदीपेक्षा लक्षपूर्वक आणि नियम पाळून करण्याचे आहे. हे मुलांचेच काम असते, तर शासनाने आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखून ठेवल्या नसत्या, हे भावकीला जरूर सांगा. आज गावोगावी सौर कृषिपंप बसत आहेत आणि ते दुरुस्त करणारे हातही गावातच लागणार आहेत.

मला खरी काळजी वाटते ती ट्रेडची नव्हे, हंगामातल्या पाच-सहा महिन्यांची. परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला किंवा फडात हाताशी म्हणून मुलीला एकदा सोबत नेले की ती हजेरी भरून निघत नाही. अशा रीतीने अर्ध्यावर शिक्षण सुटलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे स्पष्टपणे लिहितो. संस्थेचे मुलींचे वसतिगृह आहे का, नसल्यास तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील शासकीय वसतिगृहात जागा मिळेल का, याची चौकशी प्रवेश अर्ज भरतानाच करा आणि संस्थांचा पसंतीक्रम त्यावरून ठरवा. घरापासून दूर असली तरी वसतिगृह असलेली संस्था आपल्यासाठी अधिक सोयीची ठरेल. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, कारण आपण कारखान्यावर असताना तहसीलच्या खेपा कोण घालणार? शासकीय संस्थेचे शुल्क खाजगी संस्थेपेक्षा बरेच कमी असते, तेव्हा वसतिगृहाची सोय होणाऱ्या संस्थांमध्ये पहिली पसंती तिलाच द्यावी.

पुढची वाटही बंद होत नाही. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करताना विद्यावेतन मिळते, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी मात्र या ट्रेडबरोबर बारावीही मागितली गेली आहे, म्हणून भाषा विषयांची परीक्षा देऊन मिळणाऱ्या बारावीच्या समकक्षतेविषयी तिने संस्थेत पहिल्याच वर्षी विचारून ठेवावे.

मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना केवळ आपल्या दोघांचाच कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, धरा, मुलीचे काम त्यात मोजू देऊ नका. निघण्यापूर्वी एकदा संस्थेत जाऊन तिच्या निदेशकांना भेटा आणि हंगामात लागणारा आपला फोन नंबर त्यांच्याकडे लिहून द्या.