पहिली फरशी बाथरूमची? मग एवढंच सांभाळ

स्वतःच्या हाताने करतोयस हे ऐकून बरं वाटलं. डिझाइन, बॉर्डर, ४५ अंशातले कोपरे सगळं नंतर. आधी ढाळ.

बाथरूमच्या फरशीला मीटरमागे 10 ते 15 मिलिमीटर उतार पाणी जायच्या जाळीकडे हवा. हा उतार खालच्या कोब्यातच, म्हणजे टाइलखालच्या सिमेंटच्या थरातच काढायचा. टाइल लावताना मसाला कमीजास्त करून निघत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं आणि पाणी दारापाशी साचायला लागलं. वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेव. खालच्या मजल्यावरचे शेजारी दुवा देतील.

नवख्यांच्या ठरलेल्या चुका:

- व्हिट्रिफाइड टाइल नुसत्या सिमेंटच्या रबडीवर बसवणं. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे पकड येत नाही. टाइल अॅडहेसिव्हच वापर, आणि ते दातेरी थापीने सगळीकडे पसरव. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवलेस तर मधे पोकळी राहते, टाइल बद्द वाजते.
- सांधा न सोडणं. दोन टाइलमधे 2 मिलिमीटरचे स्पेसर (फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) लाव.
- मोजून तेवढ्याच टाइल आणणं. दहा टक्के जास्त घे, खोक्यांवरचा बॅच नंबर एकच बघ.

टाइलऐवजी कोटा दगड किंवा संगमरवर असेल तर शेवटी अॅसिडने धुवू नकोस, चुनखडीचा दगड आहे, खाल्ला जातो. गवंडी सांगेल, तरी नको.

कोरड्यात एक ओळ मांडून फोटो टाक, कुठून सुरुवात करायची ते बघू.