केलीला जायच्या आधी घरी यूट्यूबवर आयरिश नाच बसवून जावं का?

नको. सरळ हॉलवर जा.

इतकं तोडून लिहितेय, कारण घाव घरचाच आहे. तुम्ही लिहिलंय की वय ४१, नाचाचा गंध नाही, आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यातल्या एनिसला बदली झालीय, ऑफिसातल्यांनी केलीला बोलावलंय आणि चारचौघांत हसं नको म्हणून आधी घरी तयारी करणार. अगदी हेच माझ्या नवऱ्याने नऊ वर्षांपूर्वी केलं. (केली म्हणजे बँडच्या साथीने सगळ्यांनी मिळून नाचायचा कार्यक्रम. उच्चार आपल्या 'केली'सारखाच आहे. "काल केली केली का?" हा विनोद आमच्याकडे झिजून गेलाय, नवा शोधा.)

त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर चिकटपट्टीने चौकोन आखला, चार जोड्यांच्या जागा ठरवल्या आणि मोबाइलवर रील लावून तीन आठवडे मोजत राहिला. रील म्हणजे चालीचा प्रकार, इन्स्टावरची नव्हे. हिशेब चोख होता: चालीचे दोन भाग, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे तालाचं माप), प्रत्येक दोनदा, झाले ३२. मी त्या चौकोनात उभी राहून पोळ्या लाटत होते.

हॉलवर गेलो. स्टेजवर दोन अ‍ॅकॉर्डियन, फिडल (व्हायोलिनच), बासरी, पियानो, ड्रम. ड्रमवाल्याने लाकडी ठोकळ्यावर टक टक केलं आणि सगळे एकदम सुटले. नवरा ऐटीत स्टेजकडे पाठ करून उभा होता. ती 'फर्स्ट टॉप्स'ची जागा, म्हणजे सुरुवात त्याच जोडीची, हे त्याला तेव्हाच कळलं. मला जोडीला सत्तरीचे एक शेतकरी आजोबा. ते ओरडले, "हाउस!" मी दाराकडे बघितलं. हाउस म्हणजे जोडीने गिरक्या घेत अख्ख्या चौकोनाला फेरी, हे त्यांनी सांगितलं नाही, ओढूनच नेलं.

आणि मग स्विंग. उजवी पावलं शेजारी शेजारी, डाव्या पायाने जमीन ढकलायची, अंग मागे सोडायचं आणि समोरच्याच्या वजनावर विश्वास ठेवायचा. अहो, ही फुगडीच! हात वेगळे धरतात एवढंच. साताऱ्याला मंगळागौरीत रात्र रात्र घातलेली. दुसऱ्या गिरकीला आजोबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "पोरी, कुठे शिकलीस?" म्हटलं, आजीकडे.

इकडे नवरा "सहा, सात" म्हणत असताना त्याच्या जोडीच्या काकू पलीकडे पोचल्यासुद्धा होत्या. तिसऱ्या फिगरमध्ये, म्हणजे नाचाच्या तिसऱ्या भागात, तो चुकीच्या बाजूने वळला, दोघांवर आदळला आणि आमचा सगळा सेट, म्हणजे चार जोड्यांचा चौकोन, मागे पडला. बाकीचे सेट आपापल्या जागी पोचले, आम्ही मात्र मधोमध गोंधळलेलो. अ‍ॅकॉर्डियनवाल्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, हसला आणि चाल थांबवलीच नाही. शेवटचा भाग पुन्हा वाजवला. आम्ही आठही जण जागेवर आलो तेव्हाच शेवटचा सूर. मोबाइल असता तर कधीच संपून गेला असता.

नवरा अजून म्हणतो, बँडने आठ बार जास्त वाजवले, माझं मोजणं बरोबरच होतं. बसा मोजत!

वाजवणारे नाचणाऱ्यांचे पाय बघतात, नाचणारे त्यांचा सूर ऐकतात. क्लेअरमधले जुने लोक लाकडी जमिनीवर बुटांनी ताल देतात, त्याला बॅटरिंग म्हणतात. तो चालीतच मिसळतो. १९०९ पासूनचा किल्फेनोरा केली बँड काय, १९४६ चा टुला काय, नाचणाऱ्यांसमोर वाजवूनच मोठे झाले. या चौकोनी नाचांनाही सेटच म्हणतात. आयरिश भाषा-संस्कृतीसाठी झटणाऱ्या गेलिक लीगने त्यांना परके म्हणून नावं ठेवली, कारण मूळ क्वाड्रिल नावाचा फ्रेंच नाच. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागायला लागला आणि त्याचा बडगा घराघरांतल्या नाचांवरही आला. तरी हा नाच टिकला, तो शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत. हे मी नवऱ्याला सांगायची चूक केली. म्हणाला, "म्हणजे मी परंपरेनेच चाललो होतो." त्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात फिडलवाला बसलेला असायचा, हे त्याला कोण सांगणार.

आता तुमच्या कामाचं. टॉप्सला उभे राहू नका, बाजूच्या जोडीत राहा, म्हणजे आधी एकदा बघायला मिळतं. पहिल्या सेटला "मी नवखा" असं सांगून टाका. कोणीतरी काकू तुम्हाला ताब्यात घेतील. जास्तीचा शर्ट न्या, मध्ये बदलावा लागतो. शेवटी राष्ट्रगीत होतं, तेव्हा कोट शोधत फिरू नका. जुलैत मिलटाउन मॅलबेला विली क्लॅन्सी समर स्कूल असतं, १९७३ पासून. आठवडाभर दिवसा सेट शिकवतात, रात्री केली. सुट्टी टाकून जा.

खरं सांगायचं तर नवऱ्याला आज डझनभर सेट पाठ आहेत आणि मला अजून कोणीतरी ओढूनच न्यावं लागतं. तेव्हा व्हिडिओ बघायचाच असेल तर परत आल्यावर बघा. आणि रबरी सोलचे बूट घालू नका. पाऊल चिकटतं आणि गुडघा तेवढा फिरतो. आमच्या घरात कोणाचा फिरला होता ते सांगत नाही.