उत्तर : शेजारच्या खुर्चीवर कोणाला बसवायचं?

तुमची नावांची यादी वाचून हसू आलं. मीही एकदा अशाच स्पर्धेला लेख पाठवला होता, आणि जवळजवळ अशीच यादी माझ्याकडेही होती: एक शास्त्रज्ञ, एक गायिका, एक खेळाडू, दोन नट, एक राष्ट्रपुरुष. विषयही तोच, ‘हयात किंवा दिवंगत अशा कोणत्या नामवंत व्यक्तीबरोबर सिनेमाला जाल आणि का’. लेखनस्पर्धेची तारीख जवळ आलीये, रोज एक नाव पक्कं होतं आणि दुसऱ्या दिवशी मनातून उतरतं, असं तुम्ही म्हणताय. सुरुवात कशी करावी, शब्दमर्यादा कशी सांभाळावी हे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. (आधीच सांगते, मी सिनेमाची अभ्यासक नाही आणि कुठल्या स्पर्धेची परीक्षकही नाही. हे माझं मत. परीक्षकांना नेमकं याच्या उलट आवडू शकतं.)

घोळ यादीतच आहे. ही यादी गप्पा मारायला आवडतील अशा माणसांची आहे, आणि थिएटरात गप्पा मारत नाहीत. मारणारे असतात, पण त्यांच्या शेजारी बसायचं स्वप्न कोणी बघत नाही. दोन-अडीच तास अंधारात, एकमेकांचं तोंड न बघता गप्प बसायचंय. तिथे विद्वत्ता आणि हजरजबाबीपणा घेऊन काय करणार? त्या माणसाला सिनेमा बघता कसा येतो ते बघा. गंमत म्हणजे काही जणांबद्दल हे चक्क लिहून ठेवलेलं सापडतं.

शास्त्रज्ञ म्हणून तुम्ही आइन्स्टाइन घेतलेत, पण कारण दिलंय सापेक्षतेचं. अहो, त्यापेक्षा चांगलं कारण तयार आहे. ३० जानेवारी १९३१ ला लॉस एंजेलिसमध्ये ‘सिटी लाइट्स’चा पहिला खेळ झाला, त्याला आइन्स्टाइन चॅप्लिनचे पाहुणे म्हणून गेले होते. शेवटच्या प्रसंगाला ते डोळे पुसत होते, असं चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहिलंय. मूकपटाच्या शेवटी रडणारा माणूस शेजारी मिळाला तर आणखी काय हवं? त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनमध्ये चॅप्लिन गांधीजींना भेटले, आणि गांधीजींनी त्यांचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. तुमच्या राष्ट्रपुरुषांचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण गांधीजी असतील तर दहादा विचार करा. त्यांना सिनेमात रस नव्हता. तुम्ही पडदा सोडून अख्खा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसाल. कसलेला लेखक यातूनही काहीतरी काढेल म्हणा. मला नसतं जमलं.

तत्त्वज्ञ चालत असतील तर विट्गेनस्टाइन बघा. त्यांचे विद्यार्थी नॉर्मन माल्कम यांनी आठवणीत लिहिलंय की व्याख्यान संपलं की ते पार गळून गेलेले असत आणि तडक सिनेमाला जात. बसत अगदी पहिल्या रांगेत, नजरेत पडद्याशिवाय दुसरं काही येऊ नये म्हणून. तुमची मान अवघडेल, पण कोणी कानात कुजबुजणार नाही. लेखक काफ्काच्या रोजनिशीत २० नोव्हेंबर १९१३ ची नोंद आहे, सिनेमाला गेलो, रडलो, एवढ्याच अर्थाची. सत्यजित राय १९५० साली लंडनला होते तेव्हा काही महिन्यांत शंभराच्या आसपास सिनेमे बघून आले, आणि थिएटरच्या अंधारात टिपणं काढायची त्यांना सवय होती. त्यांना न्यायचं तर शेजारी कागदाची खसफस होणार हे धरून चाला.

सत्ताधारी मात्र कोणीही असोत, यादीतून काढा. स्टालिनचं क्रेमलिनमध्ये स्वतःचं चित्रपटगृह होतं आणि रात्री उशिरापर्यंत सहकाऱ्यांना बरोबर बसवून घ्यायची त्याला हौस होती. मधेच उठून जायची कोणाची टाप असेल?

माझ्या लेखासाठी मी स्वतः निवड केली ती सरस्वतीबाई फाळके यांची, दादासाहेब फाळक्यांच्या पत्नीची. दादासाहेब माझ्या यादीत आधी होतेच. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट डोळ्यांपुढून सरकत असताना आपल्याला मनात कृष्ण, राम दिसत होते, असं त्यांनी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलंय. म्हणजे समोरचा सिनेमा सोडून स्वतःचाच सिनेमा बघणारा माणूस! थोरच, पण सोबतीला कशाला? सरस्वतीबाईंनी तो मूकपट त्यांच्याबरोबर बसून पाहिला, आणि नंतर ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी सगळं निस्तरलं. दागिने त्यात गेले. सगळ्या मंडळींचं जेवण त्यांच्याकडे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड पाडायला त्या, रसायनं कालवायला त्या, आणि फिल्म यंत्रात पुढे सरकावी म्हणून लागणारी कडेची छिद्रं कोऱ्या फिल्मला पाडायलाही त्याच. त्या वेळी फिल्म बिनछिद्राची मिळे, आणि ती उजेडात काढली की वाया. म्हणजे हे सगळं अंधारात, हाताच्या अंदाजाने.

त्या लेखासाठी मी एक हिशेब केला होता. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं लागतात. फुटाला १२८ झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट धरली तर साडेचार लाखांच्या वर जातात, आणि चित्रीकरणात वाया गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही. या बाईंना मी आजच्या थिएटरात नेलं होतं. तिथे फिल्मच नसते, छिद्रं कुठली? त्या मागे वळून त्या उजेडाच्या झोताकडे बघत राहतात आणि मला सिनेमा काही सुखाने बघू देत नाहीत, असा तो लेख होता. स्वतःचं कौतुक नको, पण बरा झाला होता.

आता खरं दुखणं. लेख पुढच्या फेरीत गेल्याचं पत्र आलं आणि पाठोपाठ आयोजकांच्या कार्यालयातून फोन. बाईंच्या जागी दादासाहेब करता येतील का? म्हटलं, का? तर लोकांना ओळखीचं नाव हवं. नियमात फक्त ‘नामवंत’ लिहिलेलं, कोणी ठरवायचं ते कुठेच नाही. मी म्हटलं, हे लेखी द्या. लेखी परीक्षक देतील म्हणाले. परीक्षकांच्या वतीने उत्तर आलं, नियम कार्यालयाचे, तिथेच विचारा. कार्यालयात विचारलं तर हे बघणारे साहेब रजेवर. साहेब रजेवरून आले तेव्हा निकाल लागून गेला होता. नाव बदललं असतं तर चाललं असतं, हे तोंडी सगळे सांगत होते. कागदावर उतरवायला एकही जण तयार नव्हता. मेलला दरवेळी आपोआप येणारी पोच, की तुमचा संदेश मिळाला. मिळाला ना? मग वाचा की!

एवढ्यावर भागलं असतं तरी सोडून दिलं असतं. लेख दुसरीकडे पाठवावा म्हणून परत मागितला, तर अर्जातलं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं: आलेल्या सर्व लेखनाचे हक्क आयोजकांकडे. बक्षीस मिळो न मिळो, छापो न छापो. त्यांनी तो छापला नाहीच, आणि मलाही छापता येत नाही. कायदा मला कळत नाही, तेव्हा तुमच्या अर्जात असंच काही असेल तर जाणत्या माणसाला विचारा. पण ते कलम आजच वाचा, नाव ठरवायच्याही आधी. हक्क फक्त निवडलेल्या लेखांपुरते असतील तर ठीक. सगळ्या लेखांचे असतील तर मी तरी जीव ओतलेलं काही तिकडे पाठवणार नाही, दुसऱ्या पसंतीचं नाव घेऊन साधासा लेख पाठवीन. आणि नाव जरा आडवळणाचं असेल तर आयोजकांना आधीच मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या होकाराला काडीची किंमत नाही.

हे जरा जास्तच लांबलं. तुमच्या बाकीच्या नावांबद्दल दोन शब्द.

नटांना त्यांच्याच सिनेमाला नेऊ नका. स्वतःला पडद्यावर बघणं नकोसं वाटणारे नट पुष्कळ आहेत, ॲडम ड्रायव्हरने तर हे जाहीरपणे सांगितलंय. आणि माणूस हयात असेल तर त्याच्या तोंडी वाक्यं घालताना जपून. अंधारात गप्प बसवलंत तर तो प्रश्नच येत नाही.

माणसाबरोबर सिनेमाही ठरवा. तुम्ही गायिकेबद्दल पानभर लिहिलंय, पण तिला दाखवणार काय ते कुठेच नाही. गाणी असलेला सिनेमा की अजिबात नसलेला? माझं मत दुसऱ्याला. दोन तास एकही सूर न येणाऱ्या सिनेमात गाणारं माणूस काय करत बसेल, हे मला वाचायला आवडेल.

खेळाडूचं नाव तुम्ही खोडलंय, कारण सिनेमा सुरू झाला की आपल्याला झोप लागते असं त्याने मुलाखतीत सांगितलंय म्हणे. ते परत लिहा. इतक्या नावांत सिनेमा कसा बघतो हे तुम्हाला नक्की ठाऊक असलेला तो एकटाच आहे, आणि घोरणाऱ्या जगज्जेत्याच्या शेजारी बसून, त्याला उठवावं की नाही या विचारात सिनेमा बघणं, ही तुमच्या यादीतली मला सगळ्यात आवडलेली कल्पना आहे.