‘यंडुगुंडू’ म्हणणाऱ्या सासऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न : आम्ही मिरजेचे. हे निवृत्त शिक्षक, गाण्याचे वेडे. दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा कधी चुकवत नाहीत. सून मदुराईची. सकाळी डबा करताना ती त्यागराजांच्या कृती, म्हणजे कर्नाटक संगीतातली त्यांची गाणी, लावायची. ‘ते यंडुगुंडू बंद करा आधी,’ म्हणून हे पेपरामागून ओरडायचे. आता ती कानात इअरफोन घालून पोळ्या लाटते, कुणाशी फारसं बोलत नाही. मी मध्ये कशी पडू? – एक सासूबाई

उत्तर : ताई, काकांना गाण्यातलं काही कळत नसतं, तर ‘सोडून द्या’ म्हटलं असतं. पण कान इतका तयार असलेला माणूस पहिल्याच ओळीला ‘बंद करा’ म्हणतो, तेव्हा तो गाणं ऐकतच नसतो. शब्द परके वाटले की निकाल लागला. त्यात सगळी दक्षिण एकाच गाठोड्यात! त्यागराजांच्या बहुतेक कृती तेलुगूत आहेत. तुमची सून तमिळ असेल, तर तीही परभाषेतलंच गाणं ऐकतेय, आणि तिचं काही अडत नाही.

गंमत बघा, उरुसातली ती सभा ज्यांच्या स्मरणार्थ होते, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यागराजांची ‘राम नी समानमेवरु’ गायलीय. तिची रेकॉर्ड आहे. राग खरहरप्रिया, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, राहिले मिरजेत, म्हैसूर दरबारात गायले आणि 1937 साली दक्षिणेच्या दौऱ्यातच वारले. त्यांच्या गाण्यातली सरगमही त्यांनी कर्नाटक संगीत ऐकून उचललेली. आणि काकांच्या घरी भीमसेनजींचे अभंग लागत असतीलच. भीमसेनजींची मातृभाषा कानडी!

हे सगळं त्यांच्या तोंडावर फेकू नका हं. निवृत्त शिक्षक वादात हरत नसतात. दुपारच्या चहाला ती रेकॉर्ड लावा, काही न सांगता. आवाज ते लगेच ओळखतील. मग सुनेला विचारा, ‘तुमच्याकडे हे कसं म्हणतात गं?’ ती दोन ओळी म्हणेल, काका तिची चूक काढतील, ती त्यांची काढेल. काढू देत. त्या घरात इतकं बोलणं बऱ्याच दिवसांत झालेलं नसेल.

काकांना ते आवडेलच, असं मी म्हणत नाही. पूर्ण ऐकून नाही आवडलं, तर तो त्यांचा हक्क.

मात्र त्यांचं मन वळेपर्यंत तिने इअरफोनमध्ये राहायचं, हे मला मुळीच मान्य नाही. घर तिचंही आहे. शिवाय एक विचारते, रागावू नका. या सगळ्यात तुमचे चिरंजीव कुठे आहेत? पत्रात त्यांचा पत्ताच नाही. डबा त्यांचाच असणार. उद्या सकाळी स्वयंपाकघरातला स्पीकर त्यांना लावायला सांगा, आणि वडिलांची कुरकुरही त्यांनाच ऐकू द्या.