‘कॅनिबल होलोकॉस्ट’ बघण्याआधी काय माहीत असावं?

तुम्ही विचारलंय की शनिवारी रात्री मित्रांनी ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ बघायचा बेत केलाय, रक्तपात तुम्हाला चालतो, पण जनावरांचे हाल बघवत नाहीत, तर बसावं की नाही?

नका बसू. निदान मूळ आवृत्तीला तरी नका.

१९८० सालचा हा इटालियन सिनेमा, दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो. थोडक्या पैशांत, कोलंबियातल्या लेतिसियाच्या आसपास, अ‍ॅमेझॉनच्या जंगलात चित्रित केलेला. नरभक्षक जमातींवर माहितीपट करायला गेलेले चौघे परत येत नाहीत, त्यांनी चित्रित केलेली रिळं तेवढी सापडतात आणि ती आपण बघतो. त्यातली माणसांची मरणं लोकांना इतकी खरी वाटली की इटलीत सिनेमा जप्त झाला आणि ‘मेलेले’ नट जिवंत आहेत हे देओदातोंना दाखवून द्यावं लागलं. पोस्टरवर दिसते ती खांब आरपार गेलेली बाई प्रत्यक्षात लोखंडी खांबाला बसवलेल्या सायकलच्या सीटवर बसली होती, तोंडात बाल्साच्या हलक्या लाकडाचा टोकदार तुकडा धरून. एवढं कळलं की त्या दृश्याची धास्ती बरीच कमी होते.

जनावरांच्या बाबतीत अशी सुटका नाही. ती खरोखर मारली आहेत. पहिल्या भागात कोआटी, म्हणजे रॅकूनच्या कुळातला लांब नाकाचा प्राणी, सुरीने मारतात आणि तो बराच वेळ ओरडत राहतो. त्या वेळी रॉबर्ट कर्मन हे मुख्य नट सेट सोडून निघून गेले होते. पुढे मोठा कोळी, साप, बांधलेलं डुक्कर आणि माकड. माकडाचं दृश्य मनासारखं मिळावं म्हणून दोन माकडं मारली. सगळ्यात वाईट कासवाचं. पाण्यातून मोठं कासव ओढून काढतात, मुंडकं तोडतात, पाय तोडतात, कवच उघडतात, आणि कॅमेरा तिथून हटत नाही. दृश्य संपेना असं होतं.

मी कॉलेजात असताना हा सिनेमा हॉस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला. आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. कासव आलं तसा एक मित्र उठून बाहेर गेला. आम्ही बाकीचे ‘अरे, खोटं असणार’ म्हणत बसून राहिलो. खरं काय ते दुसऱ्या दिवशी वाचल्यावर कळलं. ते बसून राहणं मला अजून बोचतं, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

रक्तपात चालतो म्हणालात, पण बाकीचंही सांगायला हवं. बलात्कार एकाहून अधिक वेळा आहेत, लांबवलेले, आणि त्यातला एक ते माहितीपटवालेच करतात. एका गरोदर बाईचा बळजबरीने गर्भपात करून तिला मारण्याचं दृश्य आहे. तुमच्यातल्या कुणाच्या घरी असं दुःख होऊन गेलं असेल तर त्या व्यक्तीला आधी सांगाच. मध्येच त्या चौघांचा जुना माहितीपट म्हणून एक तुकडा येतो, त्यात माणसांना गोळ्या घालून देहदंड दिल्याची दृश्यं खऱ्या बातमीपटांतली आहेत. आणि हे सगळं रिझ ओर्तोलानींच्या अतिशय गोड संगीतावर चालतं, त्याने जास्तच अस्वस्थ व्हायला होतं.

सिनेमातल्या एका नरभक्षक जमातीला दिलेलं यानोमामो हे नाव खऱ्या आदिवासींचं आहे, हेही मित्रांना सांगा. ते लोक माणसं मारून खात नाहीत. त्यांचं नाव घेऊन पडद्यावर त्यांना तसं दाखवलं, याचा मला कासवाइतकाच राग येतो.

आता आवृत्त्यांचं. ‘ब्रिटनमध्ये पास झालेली आहे’ असं कुणी म्हणालं तर निर्धास्त होऊ नका. २००१ साली तिथे जवळजवळ सहा मिनिटं कापली होती, पण २०११ साली फक्त १५ सेकंद कापली, तीही कोआटीची. झटपट मारलेलं जनावर तिथल्या नियमात बसतं, हाल करून मारलेलं बसत नाही. त्यामुळे कासव तसंच आहे.

काही डिस्कवर जनावरं मारण्याची दृश्यं वगळून सिनेमा बघायची वेगळी सोय असते. मित्रांकडे तसली प्रत असेल तर बाकीचं लक्षात घेऊन तुमचं तुम्ही ठरवा. नसेल तर त्यांना शनिवारी दुसरा सिनेमा लावायला सांगा आणि कारणही सांगा. ऐकून त्यांच्यातलेही एकदोघे नको म्हणतील, असं मला वाटतं.