म्हातारी माणसं नागपुरात कमी आहेत काय?

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची, यंदा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा सोडून वर्षभर जर्मनीतल्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणते. एजंट साडेतीन लाख मागतो. तिचे बाबा म्हणतात, "काहून जावं लागते तिकडं? म्हातारी माणसं नागपुरात कमी आहेत काय?" घरी सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांचं सगळं हीच करते. कूस बदलायच्या आधी स्वतःचे तळहात घासून गरम करते, इतकी माया. पण वर्ष वाया जाईल, लग्न लांबेल. काय करावं?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी पैशाचं बोलते. एजंटला एक रुपयाही देऊ नका. जर्मनीत २०११ साली सक्तीची लष्करभरती थांबली आणि तिच्यासोबतची पर्यायी नागरी सेवाही संपली. त्या जागी सरकारने स्वयंसेवेची योजना आणली. तिला बी.एफ.डी. म्हणतात. एफ.एस.जे. ही तिची जुनी बहीण, २७ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी. दोन्हींत साधारण वर्षभर पूर्णवेळ काम असतं. स्वयंसेवकाला हातखर्चाला काही शे युरो मिळतात, विम्याचे हप्ते तिकडूनच भरले जातात आणि बहुतेक ठिकाणी राहणं-जेवण किंवा त्याचा भत्ता असतो. बी.एफ.डी.चा लेखी करार तर थेट जर्मन सरकारशी होतो. म्हणजे खर्च स्वयंसेवक घेणाऱ्या संस्थेने करायचा असतो. तिकीट, व्हिसा आणि भाषेचा क्लास एवढं तुमच्याकडे येईल, असं धरून चाला. संस्थांना मुलीने स्वतः ईमेल करावेत. करार हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

भाषेत मात्र सूट नाही. व्हिसापुरती कामचलाऊ जर्मन वेगळी आणि आजोबा रात्री दोनला काय मागताहेत ते कळणं वेगळं. बी१, म्हणजे जर्मनची मधली पातळी, होईपर्यंत तिने जाऊ नये, असं माझं मत आहे. परीक्षा पुण्याला किंवा मुंबईला मॅक्समुल्लर भवनात देता येते. तयारीला आठ-दहा महिने लागतील, त्यामुळे आजच्या आज होकार-नकार ठरवायची गरजही नाही.

वर्ष वाया जाईल का? तिला प्राणिशास्त्रातच संशोधन करायचं असेल तर या वर्षाचा तिथे फारसा उपयोग नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण एम.एस.डब्ल्यू., सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णसेवेकडे कल असेल तर हे वर्ष तिच्या अर्जातली सगळ्यात भक्कम गोष्ट ठरेल. तिकडे नर्सिंगचं तीन वर्षांचं प्रशिक्षण पगार देऊन शिकवतात. स्वयंसेवा करून पुढे तिकडे वळणारी मुलं असतात. बी.एस्सी.चे गुण कुठे जात नाहीत, आणि एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची मर्यादाही ३८ वर्षांची आहे. लग्नाचं म्हणाल, तर वर्षभर थांबायला तयार नसलेलं स्थळ मी तरी माझ्या मुलीसाठी बघितलं नसतं.

आता बाबांचा प्रश्न. तो मला अजिबात चुकीचा वाटत नाही. म्हातारी माणसं नागपुरातही आहेत, म्हणून सुरुवात इथूनच करा. शहरातल्या एखाद्या वृद्धाश्रमात तिला महिनाभर रोज सकाळी सहाला पाठवा. आपल्या आजीचं अंथरूण बदलणं आणि परक्या, चिडक्या, नाव विसरलेल्या माणसाचं बदलणं यात खूप अंतर आहे. महिन्यानंतरही तिला जावंसं वाटलं, तर ते विमानाचं आकर्षण नाही याची तुमची खात्री पटेल. शिवाय जर्मनीत डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो. आपल्या उन्हात वाढलेल्या मुलांना तो एकटेपणा फार लागतो. त्याची मानसिक तयारीही हवी.

आणि आपल्याकडून कोण जातं असं, असं बाबांना वाटत असेल तर त्यांना सांगा : १९३८ साली चीनला सेवेसाठी गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. कोटणीस होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. दोघेही हातात विद्या घेऊन गेले होते. तुमची मुलगी गेली तर तिनेही तसंच जावं.

ताई, पत्रात तुम्ही पैसे, लग्न, वर्ष सगळं लिहिलंत. सासूबाईंचं मात्र एका वाक्यात आटोपलंत. ती गेल्यावर रात्री उठायचं कोणी, हे तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटतं, खरी धास्ती तीच आहे, आणि ती बोलून दाखवण्यात काही गैर नाही. तुम्हीही दमला असाल. एकदा तिघं बसा आणि हा विषय नाव घेऊन काढा, सासूबाईंनाही विचारा. साडेतीन लाख वाचले आहेत, त्यातून रात्रीसाठी ब्युरोची बाई लावता येईल. मुलगी जायच्या दोन महिने आधीच लावा, म्हणजे मुलगी तिला सगळं समजावून देईल : गोळ्या कधी, कोणत्या कुशीवर दुखतं, आणि हात लावायच्या आधी तळहात गरम करायचे ते.