पहिलं लिनक्स? मिंट घाल, भावा

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम, तिचे प्रकार बरेच. उबुंटू, फेडोरा, डेबियन... नावं बघून गांगरू नको. तुझ्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपला लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बास. हलकी आहे, ५ वर्षं अपडेट मिळतात. कुणीतरी आर्च हा नवख्याला अवघड जाणारा प्रकार सुचवेलच. तिखटाची सवय नसताना मिसळीचा कट ओरपण्यातला प्रकार तो.

आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघ. वायफाय लागतंय का, प्रिंटर ओळखतोय का, सगळं कळतं आणि हार्डडिस्कला धक्का लागत नाही. मी घाईत थेट इन्स्टॉल मारलं, बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले! अजून ऐकून घेतोय. बॅकअप घेच.

शाहूपुरीतल्या दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, टॅली, मात्र यावर सरळ चालणार नाही. तेवढ्यापुरतं विंडोज शेजारी राहू दे.